आठ पानांचा जनुक-अहवाल आणि एकाच घरातले दोन मधुमेह

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका मराठी एकत्र कुटुंबाचं हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. माणसं कल्पित आहेत. त्यांच्या हातात पडला तसला अहवाल मात्र आता कोणाच्याही घरी येऊ शकतो, आणि त्यामागचं म्हणून खाली जे संशोधन सांगितलं आहे ते खरं आहे.

घरातले काका ४४ वर्षांचे. बैठी नोकरी, उंची १७० सें.मी., वजन ८६ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २९.८, कंबर १०४ सें.मी. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.१. त्यांच्या आईला बावन्नाव्या वर्षापासून शुगर. पुतणी २३ वर्षांची, १६० सें.मी., ४८ किलो. एकोणिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, कोवळं वय आणि सडपातळ बांधा पाहून 'टाइप वन' (शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं तो) ठरला आणि इन्सुलिन सुरू झालं. दिवसाला सगळं मिळून १४ युनिट. चार वर्षांनीही तेवढंच. तिची आई, म्हणजे काकांची वहिनी, तीही बारीक, सत्ताविसाव्या वर्षापासून गोळ्यांवर. यावर घरात सगळ्यांचं एकमत: "आपल्या घराण्यातच शुगर आहे."

दिवाळीच्या सवलतीत दोन लाळेच्या नळ्या मागवल्या गेल्या, एक काकांसाठी, एक पुतणीसाठी. महिन्याभरानं आठ-आठ पानांचे रंगीत अहवाल आले आणि कुठल्याही डॉक्टरच्या आधी ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं वाचले. काकांनी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीकडूनही अशीच तपासणी करून घेतली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एका ओळीत नेमकं उलटं लिहिलेलं. मग प्रश्न आलाच: लठ्ठपणा आणि मधुमेहाचं हे जनुकशास्त्र थोतांड आहे का?

एका शब्दात याचं उत्तर देता येत नाही. त्या आठ पानांत दगडासारखं पक्कं संशोधन आहे, केव्हाच बाद झालेलं संशोधन आहे, दुसऱ्याच लोकांवर बेतलेलं गणित आहे आणि निव्वळ जाहिरातही आहे. छपाई सगळ्याची एकसारखी. म्हणून दर ओळ वेगळी धरून बघावी लागते.

ओळ पहिली: एफटीओ, एकदा 'एए' आणि एकदा 'टीटी'

एफटीओ हे वजनाशी जोडलं गेलेलं जनुक, आणि आरएस ९९३९६०९ हा त्यातल्या एका जागेचा क्रमांक. दर जागी माणसाकडे डीएनएची दोन अक्षरं असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. जुना अहवाल म्हणतो, या जागी 'एए', धोका जास्त. नवा म्हणतो 'टीटी', धोका सामान्य. माणूस तोच, लाळ त्याचीच.

हा घोळ संशोधनातला नाही, वाचण्यातला आहे. डीएनएच्या दोन धाग्यांवर ए समोर टी आणि सी समोर जी असतो. एखाद्या जागी सी किंवा टी अशी निवड असेल आणि प्रयोगशाळेनं चुकून उलटा धागा वाचला, तर कागदावर जी किंवा ए उमटतात आणि चूक लगेच डोळ्यात भरते. या जागी मात्र निवडच ए किंवा टी यांच्यात आहे. उलट्या धाग्यावरही तीच दोन अक्षरं, फक्त अदलाबदल होऊन. त्यामुळे जास्त धोक्याचा एए उलट्या धाग्यावरून टीटी म्हणून उतरतो, आणि अर्थ लावणारं सॉफ्टवेअर सरळ धागा गृहीत धरून खुशाल 'सामान्य' असा शिक्का मारतं.

तपासायची रीत अशी. कंपनीकडून कच्च्या माहितीची फाइल मागवायची आणि त्याच जनुकातली शेजारची जागा, आरएस १४२१०८५, शोधायची. तिथे निवड सी किंवा टी यांच्यात आहे, धोक्याचं अक्षर सी. ही दोन धोक्याची अक्षरं बहुधा जोडीनंच वारशात येतात. फाइलमध्ये तिथे सीसी किंवा (उलट्या धाग्यावर) जीजी दिसलं, तर पहिल्या जागी खरं उत्तर एए असणार. काकांच्या फाइलमध्ये सीसी निघालं. म्हणजे जुना अहवाल बरोबर होता आणि नवा चुकीचा. एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नये, हे सांगायला यापेक्षा स्वस्त उदाहरण नाही.

आता मूळ मुद्दा: एए असण्याला अर्थ किती? एफटीओचा शोध २००७ मध्ये लागला तो गंमतीशीर वाटेनं. ब्रिटनमधले संशोधक मधुमेहाचं जनुक शोधत होते. सोळाव्या गुणसूत्रावरची ही जागा रुग्णांत जास्त दिसली, पण वजनाचा हिशेब वजा करताच तिचा मधुमेहाशी संबंध नाहीसा झाला. ही जागा आधी वजन वाढवत होती आणि वजन मधुमेह आणत होतं. ३८,७५९ लोकांत पडताळून मग ते छापलं. नंतर जगभर ते पुन्हा पुन्हा सापडलं. लठ्ठपणाच्या जनुकांत याहून खात्रीची गोष्ट क्वचित असेल. आणि तिचा परिणाम? युरोपीय प्रौढांत एए असलेल्यांचं वजन टीटी असलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलो जास्त.

काकांच्या उंचीला बीएमआय २३ म्हणजे साडेसहासष्ट किलो. त्यांच्या अंगावर साडेएकोणीस किलो जादा आहेत. त्यातले तीन फार तर एफटीओच्या खात्यावर टाका, तेही सरासरी म्हणून. उरलेल्या साडेसोळांसाठी दुसरीकडे बघावं लागेल.

भारतात तर हे तीन किलोही जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की आपल्याकडे एफटीओचा मधुमेहाशी संबंध आहेच, पण युरोपासारखा तो वजनाचा हिशेब वजा केल्यावर पुरता पुसला जात नाही. इथे एक शंका घ्यायलाच हवी: बीएमआय आपल्या माणसाची चरबी नीट मोजतो तरी का? २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तीची कोणाची ते सांगायला नकोच. मोजपट्टीच लोकांगणिक वेगळं बोलत असेल, तर तिच्यावर उभा राहिलेला जनुकाचा संबंधही जागा बदलला की ढिला होतो. काकांच्या बाबतीत म्हणूनच कंबरेचा आकडा (भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सें.मी.) एफटीओच्या ओळीपेक्षा जास्त बोलका आहे.

ओळ दुसरी: टीसीएफ७एल२, 'मधुमेहाचा धोका कमी'

संशोधन म्हणून ही सगळ्यात भक्कम ओळ, आणि काकांसाठी सगळ्यात घातक. आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मधुमेहाचं जनुक दाखवलं. पुढच्याच वर्षी हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि पुण्याचं के.ई.एम. यांनी मिळून भारतीय रुग्णांत तेच पडताळलं. परिणाम जवळजवळ तेवढाच निघाला: धोक्याच्या प्रत्येक टी अक्षरामागे शक्यतांचं गुणोत्तर (मधुमेह असलेले भागिले नसलेले) साधारण १.४ पट. वेगळा खंड, वेगळे लोक आणि निकाल तोच, याला पडताळणी म्हणतात.

१.४ पट ऐकायला मोठं वाटतं. एखाद्या वस्तीत टी नसलेल्या १०० जणांपैकी ११ जणांना मधुमेह आहे असं धरा. एक टी असलेल्यांत तो १५ च्या आसपास जणांना असेल, दोन टी असलेल्यांत १९-२० जणांना. म्हणजे दोन टी घेऊनही शंभरातले ऐंशी जण त्या घडीला मधुमेहाशिवाय आहेत, आणि एकही टी नसताना अकरा जणांना तो आहेच.

काका त्या बिगर-टीवाल्यांतले, सीसी. अहवालात हिरवा गोल आणि 'धोका कमी'. पण त्यांचं एचबीएवनसी ६.१ आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी, ६.५ पासून मधुमेह. माणूस उंबरठ्यावर उभा असताना जनुकानं हिरवा दिवा दाखवण्यात काय अर्थ? जनुक सांगतं ती शर्यतीआधीची शक्यता. रक्तातली साखर सांगते ती शर्यत कुठवर आली ते. दोन्ही हातात असतील तर पहिली बाजूला ठेवावी.

ओळ तिसरी: इन्सिग२, 'लठ्ठपणाचा धोका जास्त'

ही ओळ अहवालात असायलाच नको होती. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये ती मोठ्या थाटात आली, सी अक्षर दोन्हीकडून आलेल्यांत लठ्ठपणा जास्त म्हणून. वर्षभरातच वेगवेगळ्या गटांनी आपापल्या हजारो नमुन्यांत शोधलं आणि अनेकांना काही सापडलं नाही. जनुकशास्त्रात हे नवं नव्हतं. २००२ मध्ये हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या रोगांसाठी सांगितल्या गेलेल्या आणि तीन किंवा जास्त वेळा तपासलेल्या १६६ जनुकीय संबंधांचा आढावा घेतला. त्यांतले सातत्यानं पुन्हा सापडलेले संबंध होते ६.

असं का होतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे, कारण काकांच्या अहवालात या ओळीच्या तळाशी 'भारतीय आधार' म्हणून १२० लठ्ठ आणि १२० सडपातळ लोकांचा एक छोटा अभ्यास दिला आहे.

धरून चला की सडपातळ लोकांत धोक्याचं अक्षर ३० टक्के आहे आणि त्याचा खरा परिणाम १.२ पट आहे. लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या बहुतेक सामान्य जनुकांचा परिणाम एवढाच किंवा याहून कमी असतो. मग लठ्ठ गटात ते अक्षर ३४ टक्के दिसायला हवं. माणशी दोन अक्षरं, म्हणजे गटात २४० अक्षरं. एवढ्या गणतीत ३० आणि ३४ यांतला फरक नेहमीच्या ०.०५ च्या कसोटीवर (एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) पकडला जाण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ८५ वेळा काहीच सापडत नाही, आणि न सापडलेलं कोणी छापायला पाठवत नाही. ज्यांना सापडतं त्यांची अडचण आणखी मजेशीर: लठ्ठ गटातलं प्रमाण किमान ३८ टक्के निघाल्याशिवाय फरक 'लक्षणीय' ठरतच नाही. त्यामुळे छापून येतो तो आकडा किमान १.४५ पट असतो, सत्य १.२ असलं तरी. छोट्या अभ्यासानं बरोबर जनुक पकडलं तरी त्याचा परिणाम तो फुगवूनच सांगणार. लबाडीची गरजच नाही, गणितच तसं आहे.

हाच फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर दर गटात सुमारे १,१०० माणसं लागतात. आणि एकाच वेळी सगळ्या जीनोमवर, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएवर, शोध घ्यायचा असेल, तर साधारण दहा लाख स्वतंत्र जागा तपासल्या जातात म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागतात. कसोटी होते दोन कोटींत एक. तिथे दर गटात साडेपाच हजार माणसं हवीत. २००७ नंतरच्या मोठ्या अभ्यासांवर विश्वास ठेवता येतो तो या कडक कसोटीमुळे आणि वेगळ्या लोकांत पुन्हा पडताळण्याच्या सक्तीमुळे.

छोट्या अभ्यासात आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. मध्य भारतातल्या शहरात तर हमखास.

पहिलं म्हणजे जातीपातींची सरमिसळ. इंदुरात मराठी, माळवी, सिंधी, बोहरी, भिल असे किती समाज. बहुतेकांत लग्नं आपापल्यात, त्यामुळे अक्षरांचं प्रमाणही समाजागणिक वेगळं. एका समाजात एखादं अक्षर ४० टक्के आणि दुसऱ्यात २५ टक्के आहे असं घ्या. त्या अक्षराचा रोगाशी काडीचाही संबंध नाही. रुग्णांच्या गटात पहिल्या समाजाचे ७० टक्के लोक आले, निरोगी गटात ४० टक्के. झालं: रुग्णांत अक्षर ३५.५ टक्के, निरोग्यांत ३१ टक्के, गुणोत्तर १.२२ पट. खऱ्या जनुकाचा परिणाम जेवढा असतो तेवढाच हा खोटा परिणाम. त्यावर उपाय म्हणून जीनोमभरच्या हजारो जागांवरून वंशाचे घटक काढून ते हिशेबात धरतात, किंवा एकाच कुटुंबातल्या माणसांची तुलना करतात. नुसतं 'दोन्ही गट इंदूरचे' असं लिहून भागत नाही.

दुसरं, निरोगी गट कोणाचा? बहुधा हाताशी असलेले विद्यार्थी आणि रक्तदाते. बावीस वर्षांच्या मुलाला आज मधुमेह नाही याचा अर्थ पन्नाशीत होणार नाही असा थोडाच? निरोगी गटात पन्नाशी ओलांडलेली आणि ग्लुकोज पिऊन तपासलेली माणसं हवीत.

तिसरं, प्रयोगशाळेचं टेबल. छोट्या अभ्यासात अजूनही पीसीआरनं डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, दोनपैकी एकाच अक्षराशी कापणाऱ्या एन्झाइमनं त्या कापून जेलवर लांबीनुसार वेगळ्या करायची पद्धत चालते. एन्झाइमनं पुरतं कापलं नाही तर न कापलेली पट्टी जेलवर शिल्लक राहते आणि दोन्ही अक्षरं सारखी असलेला माणूस मिश्र म्हणून नोंदला जातो. हे ओळखायची सोपी खूण आहे: अक्षर ३० टक्के असेल तर निरोगी गटात शंभरातले ४९, ४२ आणि ९ अशी वाटणी यायला हवी, मधला आकडा मिश्र लोकांचा. तिथे ५५ निघाले तर निष्कर्षाकडे न जाता जेलकडे परत जावं. पाच-दहा टक्के नमुने नाव झाकून दुसऱ्यांदा चालवावेत. शोधनिबंधात याचा उल्लेखच नसेल तर तो निबंध तिथेच मिटलेला बरा.

ओळ चौथी: 'अठ्ठ्याऐंशीवा पर्सेंटाइल'

म्हणजे लठ्ठपणाच्या जनुकीय धोक्यात शंभरातले सत्त्याऐंशी जण काकांच्या मागे. हा आकडा अनेक जनुकांची बेरीज करून काढतात. एकेका जनुकाचा परिणाम बारीक, मग सगळ्यांची बेरीज करा, हा विचार रास्त आहे. २०१५ मध्ये ३,३९,२२४ लोकांवरून बीएमआयच्या ९७ जागा मिळाल्या. माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकातला २.७ टक्के भाग त्यांनी उलगडला. २०१८ मध्ये सुमारे सात लाख लोक, ९४१ जागा, आणि सुमारे ६ टक्के. २०१९ मध्ये २१ लाख जागांची बेरीज करून पाहिली, तेव्हा मध्यमवयीन लोकांत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा टक्क्यांच्या वजनात सरासरी १३ किलोंचा फरक निघाला. तो हलक्यात घेण्यासारखा नाही.

पण हे लोक बहुतांशी युरोपीय वंशाचे. २०१९ च्याच एका आढाव्यानुसार जीनोमभरच्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यावर बेतलेल्या बेरजेची अचूकता दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ३७ टक्क्यांनी घसरत होती. शिवाय बेरजेची सरासरीच वंशागणिक सरकते. काकांना कंपनीला एवढंच विचारायचं होतं: माझा अठ्ठ्याऐंशीवा क्रमांक कोणाच्या रांगेत? रांग युरोपीय असेल तर तो आकडा म्हणजे विलायती मापानं शिवलेला सदरा. अहवालात रांगेचा उल्लेखच नाही. ओळ खोडली.

ओळ पाचवी: 'तुमच्या जनुकांना कमी चरबीचा आहार'

याबद्दल थोडक्यात. २०१८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ६०९ लोकांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार दिला. कोणाचं जनुक कोणत्या आहाराला 'जुळतं' यावरून वजन उतरण्यात फरक पडला नाही. एफटीओचंही तेच. आठ चाचण्यांतल्या ९,५६३ लोकांचं वजन एफटीओ कुठलंही असो, सारखंच उतरलं होतं. काकांनी मात्र या ओळीला मान देऊन सकाळच्या पोह्यांवरची सेव सोडली आणि शेजारची जिलबी चालू ठेवली. जिलबीत चरबी कमी असते असा त्यांचा समज. साखर वाढलेल्या माणसानं अहवालावरून निवडलेला याहून वाईट सौदा सराफ्यातही मिळायचा नाही.

काकांना जे करायला हवं होतं त्याला लाळ लागतच नाही. आधी हिमोग्लोबिन, कारण लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. मग ग्लुकोज पिऊन तपासणी: आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण (भात-पोळी सोडून आलात तर निकाल बिघडतो), रात्रीचा आठ तासांहून जास्त उपास, ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात पाच मिनिटांत संपवायचं, दोन तास बसून राहायचं, चक्कर मारायला जायचं नाही. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० पासून मधुमेह. काकांचा आकडा आला १६८.

अशा उंबरठ्यावरच्या लोकांवर भारतात झालेल्या प्रतिबंध चाचणीत (२००६) काहीच न केलेल्या गटातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं आणि आहार सुधारलेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. तेही वजन फारसं उतरलेलं नसताना. आणि अमेरिकेच्या अशाच मोठ्या चाचणीत टीसीएफ७एल२ ची दोन्ही धोक्याची अक्षरं असलेल्यांनाही राहणीतल्या बदलाचा फायदा झाला. जनुक वाईट म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही, आणि चांगलं म्हणून जिलबी चालू ठेवायचंही नाही.

पुतणीचा कागद

खरं प्रकरण इथे होतं, आणि कुटुंबाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या अहवालात 'टाइप टू: धोका सरासरी' आणि 'एकजनुकी मधुमेह: आढळला नाही' अशा दोन ओळी. एकजनुकी म्हणजे एकाच जनुकातल्या बिघाडानं होणारा. घरानं सुटकेचा श्वास सोडला.

तिच्या कहाणीत मात्र चार खुणा होत्या. इन्सुलिन किलोमागे ०.३ युनिटांपेक्षाही कमी लागत होतं, तेही चार वर्षांनी. खऱ्या टाइप वनमध्ये एव्हाना गरज बहुधा वाढलेली असते. एकदा सुटीत दोन दिवस डोस चुकले तरी ती आजारी पडली नाही. रक्तात साखर १५० असताना लघवीच्या पट्टीवर साखर दिसत होती. एरवी ती १८० च्या पुढे उतरते. आणि सलग तीन पिढ्या: ती, तिची आई आणि आईचे वडील, तेही काटकुळे आणि तरुणपणापासून मधुमेही. घरानं शुगर 'आपल्या घराण्यातली' ठरवली होती. वंशावळ काढल्यावर रेष आजोळी गेली. आजीची उतारवयातली शुगर आणि काकांचा उंबरठा हा एक मधुमेह, पुतणीचा दुसराच. एका छपराखाली राहत होते इतकंच.

तरी थेट जनुक-तपासणीवर उडी मारू नये. आपल्याकडे टाइप टू लहान वयात आणि कमी वजनातही येतो. नुसतं तरुण वय आणि आईला शुगर एवढ्यावर पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) मागवलं तर बहुतेक वेळा पैसे जातात. अशी शक्यता मोजायचं इंग्लंडमधलं गणनयंत्र आहे, पण तेही युरोपीय रुग्णांवर बेतलेलं, म्हणजे पुन्हा चौथ्या ओळीचंच दुखणं. त्यापेक्षा पायऱ्या धराव्यात. आधी गॅड आणि आयए-२ अँटिबॉडी, टाइप वनमध्ये बहुधा रक्तात सापडतात त्या. दोन्ही नाहीत. मग सी-पेप्टाइड, शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं का ते बघायला. निदानाला तीन वर्षं उलटल्यावर आणि रक्तातली साखर १४४ च्या वर असताना घेतलं तरच त्याला अर्थ असतो. साखर कमी असताना स्वादुपिंड गप्पच बसतं आणि निकाल उगाच कमी येतो. तिचं सी-पेप्टाइड लिटरमागे २०० पिकोमोलच्या पुष्कळ वर आलं. टाइप वन नव्हे.

आता पॅनेल. ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त, मधुमेहाच्या एकजनुकी प्रकारांचं पूर्ण सिक्वेन्सिंग (अक्षरन् अक्षर वाचणं), आणि जे सापडेल त्याची सँगर या एकेक तुकडा वाचायच्या जुन्या पद्धतीनं खात्री. निकाल: एचएनएफ१ए जनुकात सी.८७२ या जागी एक अक्षर दुप्पट. त्या ठिकाणी ओळीनं आठ सी असतात. हिच्यात नऊ होते. एका जादा अक्षरानं पुढची सगळी वाचनाची घडी विस्कटते आणि प्रथिन अर्धवट बनतं. या जनुकातला हा जगभर सर्वांत जास्त आढळणारा बिघाड.

मग आठ पानांच्या अहवालात तो का नव्हता? त्या अहवालामागे चिप असते, आणि चिप जनुक वाचत नाही, आधी ठरवलेल्या जागांना फक्त हो-नाही विचारते. ही जागा यादीत नसेल तर 'आढळला नाही' याचा खरा अर्थ 'बघितला नाही'. यादीत असली तरी एकसारख्या आठ-नऊ अक्षरांची मोजदाद सिक्वेन्सिंगलाही चकवते, म्हणून तर सँगरची खात्री.

उलट बाजूचा धोकाही तेवढाच. चिपवर प्रत्येक जागेसाठी माणसांचे ठिपके तीन पुंजक्यांत पडतात आणि यंत्र पुंजका बघून अक्षर ठरवतं. लाखात एकाहूनही विरळ बदल असेल तर दुसरा पुंजका तयारच होत नाही. मुख्य पुंजक्यातून भरकटलेला एखादा ठिपका 'सदोष' म्हणून नोंदला जातो. २०२१ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या अभ्यासात यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्यातल्या सुमारे ५० हजार लोकांची चिप आणि सिक्वेन्सिंग जुळवून पाहिलं. इतक्या विरळ बदलांत चिपनं 'आहे' म्हटलेल्यांपैकी खरे निघाले १६ टक्के. चिपच्या 'आहे'वर गोळी बदलू नये आणि 'नाही'वर शोध थांबवू नये.

एचएनएफ१ए महत्त्वाचं यासाठी की इथे औषध बदलतं. या प्रकारात सल्फोनिलयुरिया गटाची गोळी विलक्षण चांगली लागू पडते. म्हणूनच ती नेहमीच्या सुरुवातीच्या डोसच्याही निम्म्यानं किंवा चौथाईनं सुरू करतात, नाहीतर साखर धाडकन उतरते. इन्सुलिन घरच्या घरी बंद करायचं नसतं. रोज चार वेळा साखर मोजत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उतरवलं. सहाव्या आठवड्यात पुतणी गोळीवर आली. तिच्या आईतही तोच बदल सापडला.

घरात आता स्थळांची बोलणी चालू होती आणि ग्रुपवर टाकलेला पहिला अहवाल कोणाकोणाच्या फोनमध्ये गेला हे कोणालाच सांगता येईना. हा दुसरा कागद ग्रुपवर गेला नाही, तो पुतणीनं स्वतःकडे ठेवला. तिच्या प्रत्येक मुलाला हा बदल जाण्याची शक्यता निम्मी आहे, आणि ते कोणाला कधी सांगायचं हे ठरवणं तिचं काम.

काकांनी आपल्यालाही हीच तपासणी हवी म्हणून आग्रह धरला. त्यांची गरज नाही. बिघाड वहिनीच्या माहेरचा, काकांच्या रक्तात तो यायची वाटच नाही. ज्यांना विचारायला हवं ते पुतणीचे देवासचे मामा आणि त्यांची दोन मुलं. मामांच्या तपासणीला पूर्ण पॅनेल लागत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त, सोबत पुतणीच्या अहवालाची प्रत आणि मागणीपत्रावर 'फक्त एचएनएफ१ए, सी.८७२, सँगर' एवढं लिहिलेलं पुरे. मामांमध्ये बदल नसेल तर मुलांना सुई टोचायचीही गरज उरत नाही.